दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (९ मे १८१४ – १७ ऑक्टोबर १८८२) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरणकार, शिक्षक, ग्रंथकार आणि धर्मसुधारक होते. १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शालेय मराठी व्याकरणाची घडी बसवण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा असल्यामुळे त्यांना 'मराठी भाषेचे पाणिनी' असे संबोधले जाते. सुरतेची मानवधर्म सभा (१८४४) आणि मुंबईची परमहंस सभा (१८४९च्या सुमारास) या दोन्ही सुधारक संस्थांच्या उभारणीत ते अग्रभागी होते. पश्चिम भारतातील धर्मसुधारणेचा इतिहास सामान्यतः या दोन संस्थांपासून सांगितला जातो.

आज्ञा, निषेध, इशारा आणि भय ही मनुष्याच्या बोलण्याची अगदी मूळची अंगे आहेत. मराठीत त्यांना कोणती व्याकरणिक रूपे लाभली, हा प्रश्न दादोबांनी रूढ केलेल्या चौकटीच्या संदर्भात विचारावा लागतो. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यावरही भयाची, विशेषतः जातिबहिष्काराच्या भयाची, छाया दीर्घकाळ पडलेली होती.

घराणे आणि शिक्षण

तर्खडकर घराणे मूळचे वसईजवळील तर्खड या गावचे. दादोबांचा जन्म मुंबईत खेतवाडी भागात वैश्य कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. मोरोपंतांच्या 'केकावली'वर दादोबांनी पुढे जी टीका लिहिली, तिला त्यांनी 'यशोदा पांडुरंगी' असे नाव दिले. आईवडिलांची नावे ग्रंथनामात गुंफण्याची ही रीत जुन्या पंडितांना शोभणारी आहे.

तीन भावांपैकी दादोबा थोरले. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रमाला लिहून कंपनी सरकारच्या राज्यकारभारावर आणि देशाच्या आर्थिक लुटीवर कठोर टीका केली. इंग्रजी राज्याला एतद्देशीय माणसाने इंग्रजीतून दिलेला हा फार लवकरचा जाहीर इशारा होता. भास्कर पांडुरंग १८४७ साली अल्पवयात वारले. धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग (१८२३–१८९८) हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक होत.

दादोबांचे आरंभीचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत झाले. नंतर ते बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकले. तेथे इंग्रजी व्याकरण अभ्यासताना, आपल्या मातृभाषेचे असे व्याकरण मराठी मुलांच्या हाती का नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. विद्यार्थिदशेतच त्यांनी व्याकरणाची जुळवाजुळव सुरू केली.

शिक्षकाची नोकरी

काही काळ ते माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक होते. त्यानंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षक, सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक आणि १८४६ पासून पुन्हा मुंबईत, शिक्षक घडवणाऱ्या 'नॉर्मल' वर्गाचे प्रमुख, असा त्यांच्या नोकरीचा क्रम आहे. १८४८ साली मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दादोबांचे व्याकरण हे एकांतात बसलेल्या पंडिताचे व्याकरण नाही. मुलांना आणि होतकरू शिक्षकांना शिकवणाऱ्या माणसाचे ते व्याकरण आहे, हे त्याच्या मांडणीचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण'

मराठीचे व्याकरण लिहिण्याचे प्रयत्न दादोबांपूर्वीही झाले होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध झाले, परंतु ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी होते. १८३६ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हटले पाहिजे. त्या एकाच वर्षी दादोबांचे व्याकरण, गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरण आणि बाळशास्त्री जांभेकर यांचे 'बालव्याकरण' अशी तीन पुस्तके निघाली. त्यांपैकी दादोबांचे पुस्तक टिकले आणि वाढत गेले. १८५० साली त्याची पुष्कळ विस्तारलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि पुढेही त्यांच्या हयातीत आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांसाठी त्यांनी 'लघु व्याकरण' वेगळे लिहिले. उत्तरायुष्यात, १८८१ साली, मूळ ग्रंथातील उणिवा भरून काढणारी 'पूरणिका' प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षे एकच विषय मनात बाळगून त्यात भर घालीत राहणे, ही त्या काळच्या मराठी ग्रंथकारांत दुर्मीळ गोष्ट होय.

ग्रंथाचा साचा दुहेरी आहे. लिंडले मरे यांच्या तेव्हा सर्वत्र चालणाऱ्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता आणि विभक्ती, प्रयोग, समास इत्यादींसाठी संस्कृत परंपरेची परिभाषा होती. या जोडकामावर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांतून दादोबांच्या अनेक मतांचे परीक्षण केले. कृष्णशास्त्री गोडबोले यांनी १८६७ साली स्वतःचे नवे व्याकरण लिहिले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या बृहद्ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांची सविस्तर तपासणी केली. तरीही वाद घालण्यासाठी जी भूमी लागते ती दादोबांनी तयार केली होती, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आलेले नाही.

इशारा आणि भय यांची मराठीतील रूपे

मराठी शाळांत क्रियापदाचे चार 'अर्थ' शिकवले जातात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. दादोबांपासून सुरू झालेल्या परंपरेत ही व्यवस्था रुळली. तीत आज्ञेला स्वतंत्र जागा आहे, कर्तव्याला आहे, अटीला आहे. इशाऱ्याला आणि भीतीला मात्र नाही. याचे कारण साच्यातच आहे. इंग्रजी व्याकरणात भयाचा वेगळा 'अर्थ' नव्हता आणि संस्कृतातील लकारांतही तो नव्हता. दोन्ही घरांत जे नव्हते, ते तिसऱ्या घरात आणावे असे कोणाला सुचले नाही. मराठी माणूस मात्र दिवसातून कितीतरी वेळा इशारा देतो आणि भीती व्यक्त करतो. त्याची साधने व्याकरणाच्या निरनिराळ्या कप्प्यांत विखुरलेली आहेत.

निषेधासाठी मराठीत 'नको' हे नकारात्मक क्रियापदच आहे. मूळ क्रियापद 'करू' या रूपात स्थिर राहते आणि वचन व आदर यांनुसार बदल नकारात होतो: करू नको, करू नकोस, करू नका. 'करू नये' म्हटले की व्यक्तीला केलेली मनाई संपून सर्वांसाठीचा नियम सुरू होतो. संस्कृतात निषेधासाठी 'मा' हा निपात वापरतात, आणि त्याच्याबरोबर येणारे भूतकाळी रूप आपला आरंभीचा 'अ' गमावते. मराठीने हा मार्ग सोडून दिला आहे.

निषेध आणि इशारा यांत सूक्ष्म भेद आहे. 'चोरी करू नको' ही मनाई आहे, कारण चोरी करणे न करणे ऐकणाऱ्याच्या हाती आहे. 'घसरू नको' हे रूपाने तसेच दिसते. पण घसरणे कोणी ठरवून करीत नाही. त्यामुळे तेथे मनाईचे रूप इशाऱ्याचे काम करते. रशियन भाषेत हा भेद क्रियापदाच्या रूपातच उमटतो: मनाई करताना क्रियापदाचे अपूर्ण रूप येते, 'पडशील हं' अशा अर्थाचा इशारा देताना पूर्ण रूप. मराठीत तो भेद धातूच्या अर्थावरून आणि बोलण्याच्या सुरावरून ओळखावा लागतो.

मराठी इशाऱ्याचे खरे घर भविष्यकाळात आहे. झाडावर चढलेल्या मुलाला आई 'पडशील!' म्हणते. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे हे साधे भविष्यकाळी विधान आहे. परंतु मूल पडलेच तर आईचे भाकीत खरे ठरले असे कोणी म्हणत नाही. ते विधान खोटे ठरावे यासाठीच ते उच्चारलेले असते. 'भाजेल!', 'लागेल!', 'चावेल!' या इशाऱ्यांत तर काय भाजेल, कोण चावेल हेही सांगितलेले नसते. संकट जवळ असताना कर्ता सांगायला सवड नसते, आणि क्रियापद एकटेच पुरते. संकट टळल्यावर तीच गोष्ट संकेतार्थात जाते: 'आत्ता पडला असतास.' यातील अट, म्हणजे 'मी धरले नसते तर', बहुधा अध्याहृत राहते.

या बाबतीत हिंगोली परिसराचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. दादोबांच्या व्याकरणाचा प्रसार मुंबई इलाख्यातील शाळांमधून झाला. आजचा हिंगोली जिल्हा ज्या प्रदेशात येतो तो तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे, म्हणजे मराठी वाङ्मयाचा वारसा या भूमीत फार जुना आहे. शाळेतील प्रमाण मराठी व्याकरण मात्र येथे उशिरा आले. वाशीमला लागून असलेल्या या भागातील बोलीवर वऱ्हाडीची छाया आहे आणि 'पडशील' ऐवजी 'पडशीन' हे रूप कानी पडते. रूप बदलते, तरी इशाऱ्यासाठी भविष्यकाळच वापरण्याची रीत तीच राहते. तात्पर्य, ही रीत छापील व्याकरणाने शिकवलेली नाही.

भीतीचे वाक्य इशाऱ्याहून अधिक गुंतागुंतीचे असते. पाणिनीने भयाच्या कारणाला अपादान मानले, म्हणून संस्कृतात ज्याची भीती वाटते त्याची पंचमी होते. वाघापासून दूर सरकावे तसे मन भयाच्या कारणापासून दूर सरकते, ही कल्पना त्यामागे दिसते. मराठीत 'वाघापासून भय' ही पंचमी उरली आहे. पण 'मुलगा वाघाला भितो' येथे 'ला' आला आणि 'मुलाला वाघाची भीती वाटते' येथे षष्ठी आली. या शेवटच्या वाक्याचे वाक्यपृथक्करण विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावे. 'वाटते' या क्रियापदाचा कर्ता 'भीती' आहे. मुलगा भीती करीत नाही. ती त्याच्याकडे येते.

पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीची भीती असेल, तर मराठी 'की काय' वापरते: 'तो पडेल की काय अशी भीती वाटते.' यात नकार नाही. हिंदीत मात्र 'कहीं गिर न जाए' असा नकार येतो. लॅटिनमध्येही भिण्याच्या क्रियापदानंतर 'ने' हा निषेधदर्शक शब्द येतो आणि अर्थ 'तसे घडेल' असाच होतो, 'घडणार नाही' असा होत नाही. मुळात ती दोन वाक्ये असावीत, 'मला भीती वाटते' आणि 'तसे न घडो', आणि पुढे ती एकमेकांत मिसळली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. हिंदीतून मराठीत भाषांतर करताना विद्यार्थी हा नकार जसाच्या तसा ठेवतात आणि अर्थ उलटा होतो.

'म्हणून' या शब्दाचे काम याहून लक्षणीय आहे. 'मूल पडेल म्हणून आईने हात धरला.' 'म्हणून' हे 'म्हणणे' या धातूचे 'ऊन' प्रत्ययान्त रूप आहे. म्हणजे या वाक्याच्या पोटात एक इशारा आधी मनाशी उच्चारलेला आहे, आणि तो उच्चारून मग हात धरलेला आहे. 'मूल पडू नये म्हणून' असेही म्हणता येते; तेव्हा भीती मागे पडून हेतू पुढे येतो. पहिल्या रचनेत एक मौज अशी, की भीती आणि आशा यांचे रूप एकच असते. 'पाऊस येईल म्हणून पेरणी केली' यात आशा आहे. 'पाऊस येईल म्हणून हळद झाकली' यात भीती आहे. वसमतच्या बाजूला हळद शिजवून वाळत घालणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. व्याकरणाला मात्र तो दाखवता येत नाही.

आणखी दोन रूपांची नोंद करावयास हवी. एक, अर्ध्यावर तोडलेला संकेत: 'कोणी पाहिले तर?' पुढचे वाक्य बोलले जात नाही. जे बोलवत नाही तीच भीती. दुसरे, प्रतिध्वनी शब्द: 'कोणी पाहिलेबिहिले तर?' येथील 'बिहिले' अर्थाने रिकामे असले, तरी नेमके काय घडेल हे ठाऊक नसल्याची अस्वस्थता त्यात भरलेली असते. 'न जाणो' हा वाक्प्रयोगही याच कुळातला. 'खबरदार' हा शब्द फारसीतून आला. मुळात तो 'सावध असलेला' अशा अर्थाचे विशेषण, मराठीत तो धाकाचा उद्गार झाला.

जगातील काही भाषांत भीतीसाठी स्वतंत्र प्रत्यय वा शब्द आहेत. ऑस्ट्रेलियातील दिरबल या भाषेत क्रियापदाला 'बिल' असा प्रत्यय लावून 'तसे घडू शकेल आणि घडणे वाईट' असा अर्थ साधतात. सॉलोमन बेटांवरील तोआबाइता भाषेत त्यासाठी एक स्वतंत्र शब्द आहे. त्याचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ फ्रान्टिशेक लिख्टेनबर्क यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. अशा भाषांचा परिचय विद्वानांना विसाव्या शतकात झाला. १८३६ मधील तरुण मराठी शिक्षकापुढे इंग्रजी आणि संस्कृत यांखेरीज तिसरा नमुना नव्हता, हे त्याच्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना विसरून चालत नाही.

मानवधर्म सभा

सुरतेत दादोबांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी पडली. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे आणखी तिघे त्यांना मिळाले. पाचांचीही नावे 'द' अक्षराने सुरू होत असल्यामुळे लोक या मंडळीचा उल्लेख त्या अक्षरावरूनच करीत. १८४४ च्या जून महिन्यात या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, मनुष्याची योग्यता जन्मावर नसून गुणांवर आहे, अशी तिची तत्त्वे होती.

तत्त्वांपेक्षाही या सभेचे एक काम त्या काळी गाजले. भूतपिशाच, चेटूक, मूठ मारणे यांच्या भयाने लोक गांजलेले होते आणि त्या भयावर मांत्रिकांचा धंदा चाले. सभेने मांत्रिकांना आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवण्याचे आव्हान दिले. मांत्रिकाची सत्ता अर्धवट उच्चारलेल्या इशाऱ्यावर चालते. पुढे काय होईल ते तो स्पष्ट सांगत नाही. सर्वांसमोर स्पष्ट करून दाखवा, अशी मागणी आली की त्या सत्तेचा आधार जातो. दादोबा १८४६ साली मुंबईस परतल्यावर सभेचे कार्य मंदावले आणि ती फार काळ टिकली नाही.

परमहंस सभा

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा उभी राहिली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेले तरुण तिचे सभासद होते. जातिभेद मोडणे, विधवाविवाहास पाठिंबा देणे आणि मूर्तिपूजा सोडणे ही तिची मुख्य सूत्रे. प्रवेशाच्या वेळी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि परजातीच्या हातचे पाणी पिणे, अशी कसोटी असे. आज ही कसोटी हास्यास्पद वाटेल. त्या काळी एवढ्याने माणूस जातीबाहेर पडे. जातीबाहेर पडलेल्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे, घरी भटजी येत नसे आणि मेल्यावर खांदा द्यायला माणसे येत नसत.

हे भय काल्पनिक नव्हते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांच्या घरातून परत आणून शुद्ध करून घेण्याच्या प्रकरणात बाळशास्त्री जांभेकरांसारख्या मान्यवर विद्वानालाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला होता. म्हणून परमहंस सभा गुप्तपणे चाले. बैठकी बंद दाराआड होत. 'कोणी पाहिले तर?' या अर्ध्या वाक्यात तिच्या सभासदांची सारी मनःस्थिती सामावलेली होती.

१८६० साली सभेचे कागदपत्र चोरीस गेले. त्यांत सभासदांची नावे होती. ती जगजाहीर होणार या भीतीने सभासद पांगले आणि सभा संपुष्टात आली. तिला कोणी बंदी घातली नव्हती, कोणावर खटलाही झाला नव्हता. सुरतेत ज्यांनी मांत्रिकांना चारचौघांत उघडे पडण्याचे आव्हान दिले होते, त्यांच्याच प्रेरणेने निघालेली संस्था चारचौघांत उघडे पडण्याच्या भीतीने विरून जावी, ही त्यांच्या चरित्रातील विसंगती लपवण्याचे कारण नाही. मात्र तिच्यावरून त्या तरुणांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल. सरकारी नोकरी, एकत्र कुटुंब आणि जात या तिन्हींचा पाश ज्यांच्या गळ्यात होता, त्यांनी बंद दाराआड का होईना, पाव खाल्ला होता. १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने झाली, तीत जुने परमहंस सभासदही होते. या वेळी कार्य उघडपणे सुरू झाले, पण जात मोडण्याची कसोटी त्यात नव्हती.

दादोबांच्या स्वतःच्या लेखनातही ही सावधगिरी दिसते. सुरतेच्या काळात लिहून ठेवलेला 'धर्मविवेचन' हा ग्रंथ १८६८ पर्यंत छापला गेला नाही, आणि छापला तेव्हाही त्यावर त्यांचे नाव नव्हते. 'एक जगद्वासी आर्य' या टोपणनावाने तो प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, विधवाविवाहाचे समर्थन करणारे 'विधवाश्रुमार्जन' हे त्यांचे लेखन कायदा झाल्यानंतर वर्षभरातच, १८५७ साली बाहेर आले.

डेप्युटी कलेक्टर आणि रावबहादुर

१८५२ साली दादोबांची अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर म्हणून नेमणूक झाली. १८५७ च्या धामधुमीत त्या जिल्ह्यात भिल्लांनी बंड केले. ते मोडून काढण्यात सरकारला केलेल्या साहाय्याबद्दल दादोबांना 'रावबहादुर' हा किताब मिळाला. भावाने सोळा वर्षांपूर्वी ज्या राज्यावर जाहीर टीका केली होती, त्याच राज्याची ही चाकरी होती. जुन्या चरित्रलेखनात हा प्रसंग गौरवाने सांगितला जातो. भिल्लांच्या बाजूने तो सांगणारा कोणी तेव्हा नव्हता.

उत्तरकाळ

निवृत्तीनंतर दादोबा ग्रंथलेखनाकडे पूर्णपणे वळले. 'यशोदा पांडुरंगी' १८६५ साली प्रसिद्ध झाली. मोरोपंतांच्या 'केकावली'तील शब्द, समास आणि अन्वय यांची फोड करणारी ही टीका व्याकरणकाराच्या हातून उतरलेली असल्याने विद्यार्थ्यांना अजूनही उपयोगी पडते. 'केका' म्हणजे मोराची आरोळी. आर्ततेने केलेल्या विनवणीच्या या काव्यात आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांची रूपे देवाला उद्देशून पदोपदी येतात. आज्ञार्थ हा केवळ आज्ञेचा नसून याचनेचाही असतो, हे शिकवण्यास यासारखे दुसरे पुस्तक नाही.

स्वीडनचे तत्त्वज्ञ इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला आणि त्यांवरील आपले विचार त्यांनी १८७८ साली इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने मांडले. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' १८८० साली आला. त्यानंतर वर्षभराने 'पूरणिका' निघाली आणि १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आत्मचरित्र

दादोबांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले होते. बालपण, पंतोजींची शाळा, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबई, जावरा आणि सुरत येथील दिवस यांचे त्यातील वर्णन सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. परंतु ते १८४० च्या दशकाच्या मध्यावरच थांबते. त्यामुळे परमहंस सभेची स्थापना, तिच्या बैठकी आणि तिचा शेवट यांविषयी खुद्द दादोबांनी केलेले निवेदन आपल्या हाती नाही. ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादून, त्याला दादोबांच्या उर्वरित चरित्राची जोड देऊन, १९४७ साली 'रावबहादुर दादोबा पांडुरंग' या नावाने प्रसिद्ध केले.